म्हातारपणाची काठी कोणाच्या हाती?

(द्वितीय वर्ष कला, समाजशास्त्र)

'मुलगा म्हणजे म्हातारपणाची काठी' हे वाक्य लहानपणापासून आपणा सर्वांच्या कानांवरून गेलेले आहे. घरात मुलगा जन्मला की ते कौतुकाने म्हटले जाते. मुलगी जन्मली की 'पुढच्या खेपेला होईल' असे पुढे जोडून तेच वाक्य समजूत काढण्याच्या सुरात म्हटले जाते. इतक्या वेळा ऐकलेल्या वाक्याचा अर्थ आपण सहसा तपासून पाहत नाही.

मी समाजशास्त्र हा विषय घेतलेली विद्यार्थिनी आहे. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे पुस्तकात वाचलेले घरी जाऊन ताडून पाहण्याची मला सवय लागली आहे. 'कुटुंबसंस्थेची कार्ये' शिकताना मुलांचे संगोपन आणि वृद्धांचा सांभाळ ही दोन कार्ये आपण एका दमात लिहून मोकळे होतो. परंतु कुटुंब सांभाळ करते म्हणजे कुटुंबातील नेमके कोण करते? सख्खी भावंडे एकाच आईवडिलांच्या पोटची असतात. मग त्या आईवडिलांच्या उतारवयात मुलगा आणि मुलगी यांच्या वाट्याला येणारी कामे इतकी वेगळी का असतात? आणि ज्या कामाचे श्रेय मुलाला मिळते ते काम प्रत्यक्षात कोणाच्या हातून होते? प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा माझ्या अल्पमतीप्रमाणे विचार केला आहे.

प्रश्न का वाढला?

वृद्ध माणसे पूर्वीही होती. मात्र त्यांची संख्या आज पुष्कळ वाढली आहे. १९६१ च्या जनगणनेत भारतातील साठ वर्षे व त्यावरील वयाची माणसे सुमारे अडीच कोटी होती. २०११ च्या जनगणनेत ती दहा कोटींच्या वर गेली. त्या वर्षी महाराष्ट्रात दर दहा माणसांमागे जवळजवळ एक साठी ओलांडलेला होता. आरोग्यसेवा सुधारली, साथीचे रोग आटोक्यात आले, माणसे अधिक जगू लागली, ही आनंदाचीच गोष्ट आहे.

त्याच वेळी दुसरी गोष्ट घडली. महाराष्ट्रात एका स्त्रीला सरासरी होणाऱ्या मुलांची संख्या १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २.९ होती. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात ती १.७ वर आली. म्हणजे जे ओझे पूर्वी पाचसहा भावंडांत वाटले जाई ते आता एकदोघांवर येणार. ज्या घरात दोन्ही मुलीच आहेत, तेथे तर जुने वाक्य लागूच पडत नाही. अशी घरे प्रत्येक गावात आणि आपल्या वर्गातही आहेत. म्हणून आईवडिलांना कोणी पाहायचे हा प्रश्न आपल्या पिढीला टाळता येण्यासारखा नाही.

सांभाळणे म्हणजे काय?

'आईवडिलांना सांभाळणे' या एका शब्दप्रयोगात निदान चार प्रकारची कामे दडलेली आहेत असे मला वाटते. पहिले काम पैशाचे : औषधपाणी, कपडालत्ता, दवाखान्याचे बिल. दुसरे निर्णयाचे : ऑपरेशन करायचे की नाही, कोणत्या गावी न्यायचे, शेताचा तुकडा विकायचा का. तिसरे धावपळीचे : रिपोर्ट आणणे, बँकेत व तहसील कचेरीत खेपा घालणे, गाडी ठरवणे. आणि चौथे अंगमेहनतीचे : भरवणे, अंघोळ घालणे, मलमूत्र काढणे, रात्री उठून कूस बदलणे, एकच गोष्ट दहा वेळा सांगितली तरी ऐकून घेणे.

पहिली तीन कामे बाहेरच्यांना दिसतात. त्यांचा हिशेब असतो, तारीख असते, पावती असते. चौथे काम दिसत नाही, कारण ते रोज होते आणि रोज संपून जाते. सर्वसाधारणपणे पहिली तीन कामे मुलांकडे व चौथे घरातील बायकांकडे जाते. 'कोणी सांभाळले?' असे विचारले की आपण पहिल्या तीन कामांकडे पाहून उत्तर देतो.

ही केवळ माझी कल्पना नाही. केंद्र शासनाच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर 'टाइम यूज सर्व्हे' केला. चोवीस तासांत माणसे कोणत्या कामाला किती वेळ देतात याची त्यात नोंद आहे. घरातील व्यक्तींची विनामोबदला देखभाल करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण २७.६ टक्के, तर पुरुषांचे १४ टक्के आढळले. जे देखभाल करतात त्यांतही स्त्रिया दिवसाला सरासरी १३४ मिनिटे देतात आणि पुरुष ७६ मिनिटे. या देखभालीत लहान मुलांची देखभालही धरलेली आहे, हे ध्यानात ठेवावयास हवे. तथापि कामाचा कल कोणीकडे आहे हे त्यावरून पुरेसे स्पष्ट होते.

आमच्या घरचेच सांगायचे तर मागील वर्षी आजी पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. तीन महिने ती अंथरुणावर होती. माझा धाकटा भाऊ त्या वेळी आयटीआयला जात होता. मी कॉलेजला होते. आईला शेतावर जावे लागे त्या दिवशी मी घरी थांबत असे. मला कोणी 'थांब' असे म्हटले नाही आणि भावाला कोणी 'तू जा' असे म्हटले नाही. दोघांनाही ते आपोआप कळले. हे आपोआप कळणे म्हणजेच समाजीकरण, असे आम्हाला वर्गात शिकवले आहे. शिकवले त्या दिवशी मला त्याचा अर्थ इतका लख्ख कळला नव्हता.

मनीऑर्डर आणि मोरी

आमचा माण तालुका दुष्काळी. सातारा जिल्ह्यातील आणि कोकणातील हजारो घरांप्रमाणे आमच्या घरचा पुरुषही पोट भरण्यासाठी मुंबईला गेला. आजोबा कापडगिरणीत होते. बायकामुले गावी आणि गडी मुंबईच्या खोलीत, असाच अनेक कुटुंबांचा संसार होता. महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर येई. पोस्टमन अंगणात उभा राहून पैसे मोजून देई आणि शेजारीपाजारी ते पाहत. पणजोबा-पणजीचा सांभाळ मुलगा करतो याचा तो सर्वांसमक्ष दाखलाच असे.

घरात मात्र पणजीला वाताने धरले होते. तिला उचलून मोरीत नेणे, धुणे, वेणीफणी करणे, हे सारे आजी करीत होती. तिची स्वतःची लेकरे लहान होती आणि शेतही तिच्याच अंगावर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. दोन लाखांहून अधिक कामगार त्यात होते आणि पुष्कळांना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही. आजोबाही त्यांतलेच. ते गावी परत आले, तेव्हा पणजी जाऊन वर्ष उलटले होते.

गावातली जुनी माणसे अजूनही म्हणतात, "नानांनी आईबापाला शेवटपर्यंत सांभाळलं हो!" हे म्हणणे खोटे नाही. आजोबांनी अर्धपोटी राहून पैसे धाडले, पाळ्या केल्या, स्वतःची छाती कापसाच्या धुळीत घालवली. त्यांच्या सेवेला कमी लेखण्याचा मला अधिकार नाही. परंतु त्या वाक्यात आजीचे नाव नाही, एवढेच मला सांगावयाचे आहे. औद्योगिकीकरणाने पुरुषाला गावाबाहेर नेले तेव्हा सेवेचे दोन भाग पडले. पैशाचा भाग मुलाच्या नावावर जमा झाला आणि हातांचा भाग सुनेकडे राहिला. पुढे गिरण्या गेल्या, शहरातली नोकरी बदलली, मनीऑर्डरची जागा मोबाईलवरून पैसे पाठवण्याने घेतली, तरी हे विभाजन पुष्कळसे तसेच राहिले आहे.

लेक आणि सून

भावंडांतील फरकाची चर्चा करताना आपण मुलगा आणि मुलगी अशी तुलना करतो. वास्तविक आपल्या समाजात ही तुलना बहुधा सून आणि लेक यांच्यात होते. मुलाची सेवा ही त्याच्या बायकोच्या हातून होते. तीच बाई आपल्या स्वतःच्या माहेरी मात्र लेक असते आणि तिच्या आईवडिलांकडे तिची भावजय पाहत असते. म्हणजे प्रत्येक घरात एक बाई दुसरीच्या आईवडिलांची सेवा करीत असते आणि स्वतःच्या आईवडिलांच्या काळजीने झुरत असते. हे चक्र सर्वांना इतके सवयीचे आहे की त्यातला विचित्रपणा कोणाला जाणवत नाही.

यातून नणंद-भावजयीचा जुना तंटा उभा राहतो. लेक चार दिवसांसाठी येते, आईचे केस विंचरते, गोडधोड करून घालते, पाठीवरची जखम पाहून डोळे पुसते आणि जाताना भावजयीला चार गोष्टी सुनावते. आई शेजारणीला सांगते, "लेकीची माया ती लेकीची माया." तीनशे साठ दिवस करणाऱ्या सुनेला हे शब्द किती लागत असतील! उलट लेकीचीही बाजू आहे. तिला आणखी आठ दिवस राहायचे असते, पण सासरी म्हैस असते, मुलांची शाळा असते, नवऱ्याचा फोन येतो. तिच्या येण्याजाण्याचा निर्णय तिच्या हाती नसतो. दोघी एकमेकींवर रागावतात. ज्याच्या आईचा प्रश्न आहे तो मुलगा ओट्यावर बसून 'बायकांच्या भांडणात मी पडत नाही' असे म्हणतो आणि शहाणा ठरतो.

लेक किती उपयोगी पडू शकते हे ती किती लांब दिली आहे यावरही अवलंबून असते. इरावती कर्वे यांनी 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' या १९५३ च्या ग्रंथात दाखवले आहे, की उत्तरेकडे मुलगी अनोळखी कुळात, दूरच्या गावी देण्याची रीत आहे, तर दक्षिणेत नात्यातच विवाह होतात. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये आहे. आपल्याकडे अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. साहजिकच आपल्याकडे पुष्कळ लेकी एका एसटीच्या अंतरावर असतात. माझी थोरली आत्या शेजारच्याच तालुक्यात आहे. आजीच्या आजारात ती दर बुधवारी पहिल्या गाडीने येई आणि शेवटच्या गाडीने जाई. त्या दिवशी आईला धुणे उरकता येई व मला कॉलेजला जाता येई. आमच्या दृष्टीने बुधवार हा सुटीचा वार होता!

तरीही आजी कधी आत्याकडे राहायला गेली नाही. 'लेकीच्या घरी राहणं बरं दिसत नाही' हे तिचे ठरलेले उत्तर. लेकीला नातू होईपर्यंत तिच्या घरी जेवायचे नाही अशी चाल आपल्याकडील कितीतरी कुटुंबांत होती. मुलगी एकदा दिली की तिच्याकडून काही घ्यायचे नाही हा त्यामागचा विचार. मुलीकडून घेणे कमीपणाचे आणि मुलाकडून घेणे हक्काचे, ही शिकवण वृद्धांच्याच मनात इतकी रुजलेली असते, की इच्छा असूनही लेकीला करता येत नाही.

आई आणि वडील यांतही फरक

'आईवडील' हा जोडशब्द आपण एकत्र उच्चारतो, पण दोघांचे म्हातारपण सारखे नसते. लग्नात नवरा बायकोपेक्षा काही वर्षांनी मोठा असतो आणि स्त्रिया सरासरीने अधिक जगतात. त्यामुळे वडील अंथरुणाला खिळले तर त्यांचे करायला बहुधा बायको असते. आईवर ती वेळ येते तेव्हा तिचा नवरा राहिलेला नसतो. म्हणून मुलांवर येणारा सांभाळाचा प्रश्न हा मोठ्या प्रमाणात विधवा आईच्या सांभाळाचा प्रश्न असतो.

वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आले. आपली कमाई मुलगा आणि मुलगी यांना वाटून देणारा गणपतराव बेलवलकर दोघांच्याही दारातून अपमानित होऊन बाहेर पडतो. तेव्हा मुलगा वाईट आणि मुलगी चांगली, किंवा याच्या उलट, असे सोपे गणित मांडता येत नाही हे नाटककाराने पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीच दाखवले आहे. परंतु माझे लक्ष कावेरीकडे गेले. नटसम्राटाला सांभाळून घेते ती त्याची बायको. तिला कोण सांभाळणार होते?

वाटण्या झाल्यावर आईबापांचीही वाटणी होते, हे आपण गावोगाव पाहतो. आई थोरल्याकडे व बाप धाकट्याकडे, किंवा महिन्या-महिन्याची पाळी. पाळी कोणाची यावर बोलणी होतात तेव्हा घरातले कर्ते पुरुष बैठकीला बसतात. ज्यांना ती पाळी निभवायची असते त्या जावा स्वयंपाकघरात असतात. आणि जिची पाळी लागते ती म्हातारीही त्या बैठकीत नसते.

कायदा काय म्हणतो?

मुलींना आईवडिलांची जबाबदारी नाही अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. कायदा तसे म्हणत नाही. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या कलम २० प्रमाणे वृद्ध किंवा दुर्बल आईवडिलांचा निर्वाह करण्याचे बंधन मुलगा व मुलगी या दोघांवरही आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्येही आईवडिलांच्या पोटगीची तरतूद होती. त्या कलमात 'त्याचे वडील किंवा आई' असे पुल्लिंगी शब्द होते. त्यावरून ही जबाबदारी मुलावरच आहे, असा युक्तिवाद एका विवाहित मुलीच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात करण्यात आला. १९८७ साली न्यायालयाने तो फेटाळला. लग्न झाल्याने मुलगी ही मुलगी राहत नाही असे होत नाही, असा या निकालाचा आशय आहे. मात्र नवऱ्याच्या मिळकतीखेरीज तिचे स्वतःचे पुरेसे साधन असले पाहिजे, असेही न्यायालयाने सांगितले. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे आणि पोटगीची ही तरतूद आता तिच्या कलम १४४ मध्ये आहे.

२००७ साली 'आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम' आला. त्यात 'मुले' या शब्दात मुलगा, मुलगी, नातू आणि नात या सर्वांचा समावेश आहे. वृद्धांना न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो व दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाह रक्कम मिळू शकते. देखभालीच्या अटीवर दिलेली मालमत्ता, देखभाल न केल्यास परत मिळवण्याची सोयही कलम २३ मध्ये आहे. हा कायदा निश्चितच उपयुक्त आहे. परंतु त्याच्या 'मुले' या व्याख्येत सून नाही. सून व जावई यांचा समावेश करणारे सुधारणा विधेयक २०१९ साली लोकसभेत मांडले गेले. ते संमत झाले नाही. म्हणजे जी सर्वांत जास्त करते तिचा कायद्यात उल्लेख नाही. तिला जबाबदार धरण्याची कल्पना पुढे आली, पण तिच्या श्रमाची काही नोंद घ्यावी असा विचार कोठे दिसत नाही. कायद्याला पैसे मोजता येतात. रात्रीची जागरणे मोजण्याचे माप अजून त्याच्याकडे नाही.

हक्कसोड आणि माहेर

सेवेचा विचार वारसाहक्काशिवाय पुरा होत नाही. 'मुलगा सांभाळतो म्हणून जमीन मुलाला' असा आपल्याकडे सरळ हिशेब असतो. कायद्याने तो केव्हाच बदलला. महाराष्ट्राने १९९४ साली एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क दिला. त्यापूर्वी लग्न झालेल्या मुली मात्र वगळल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित मुलींनाही मुलाइतकाच हक्क मिळाला आणि २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो अधिक स्पष्ट केला.

आणि प्रत्यक्षात? आजोबा वारले तेव्हा दोन्ही आत्यांची नावे सात-बारावर लागली. वर्षभरात दोघींनी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोड पत्रावर सह्या केल्या. त्यांच्यावर कोणी जबरदस्ती केली नाही. वडिलांनी दोघींना साडीचोळी केली, पंगत झाली. मी एकदा थोरल्या आत्याला विचारले, "आत्या, सही का केलीस?" ती हसून म्हणाली, "अगं, जमीन घेतली तर माहेर राहील का?" आमच्या गावच्या पोरीबाळींना या उत्तराचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आईवडील गेल्यावर माहेर म्हणजे भाऊ. भावाचे दार उघडे राहावे म्हणून लेक आपला वाटा सोडते. ही किंमत ती आपखुशीने देते असे म्हणायचे, पण भावाला माहेर टिकवण्यासाठी अशी कोणती किंमत द्यावी लागते?

येथे एक मुद्दा लक्षात घेण्यासारखा आहे. २००७ च्या कायद्यात अपत्यहीन वृद्धांच्या नातेवाइकांवर जबाबदारी येते ती मालमत्तेच्या हक्काशी जोडलेली आहे. ज्याला जितका वारसा त्याला तितका भार. पोटच्या मुलामुलींवरची जबाबदारी तशी जोडलेली नाही. म्हणजे हक्कसोड केलेल्या मुलीचा वाटा सुटतो, कर्तव्य सुटत नाही. आत्याने जमीन सोडली आणि तरीही दर बुधवारी ती आली. मला तिचा अभिमान वाटतो. परंतु अभिमान वाटला म्हणजे न्याय झाला, असे म्हणता येणार नाही.

पुंडलिकाचे हात

यावर कोणी म्हणेल, की ही आपली संस्कृतीच आहे. पुरुषाने कमवावे आणि बाईने सेवा करावी. हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडे मागे जाऊन पाहू. आईवडिलांच्या सेवेचे आदर्श म्हणून आपल्यापुढे दोन नावे ठेवली जातात. एक श्रावणबाळ आणि दुसरा भक्त पुंडलिक. महाराष्ट्र शासनाची निराधार वृद्धांसाठी असलेली निवृत्तिवेतन योजनाही श्रावणबाळाच्याच नावाने ओळखली जाते. दोघेही मुलगे. यावरूनच सेवा हे मुलाचे कर्तव्य, असा अर्थ काढला जातो.

परंतु कथा नीट पाहा. श्रावणाने आंधळ्या आईबापांची कावड स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि त्यांना तहान लागली तेव्हा पाणी आणायला तो स्वतः गेला. साक्षात विठ्ठल दारात आला तेव्हा पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपीत होता. त्याने देवाला वीट फेकून उभे राहायला सांगितले आणि हातचे काम सोडले नाही. 'जरा पाय चेपायला घे, मी पाहुण्याकडे बघतो' असे त्याने बायकोला सांगितले असते तर पंढरपूरची गोष्ट काही वेगळीच झाली असती! अठ्ठावीस युगे विटेवर उभ्या असलेल्या देवाच्या दर्शनाला जाणारे आपल्या गावचे हजारो पुरुष वारकरी एका मुलाच्या हातांनी केलेल्या सेवेचीच आठवण जागवीत असतात. तेव्हा आईवडिलांची अंगसेवा करणे पुरुषाला शोभत नाही, ही आपली परंपरा म्हणता येणार नाही. ती आपली सोय आहे.

लाजेचा प्रश्न असतो हे मला मान्य आहे. आईला अंघोळ घालायला मुलगा संकोचतो, आणि आईही संकोचते. पण हा नियम आपण सारखा पाळतो का? सासरा अंथरुणावर असताना डोक्यावरचा पदर सावरीत त्याचे सर्व काही सून करते आणि मुलगा बाहेर बसतो, हे मी पाहिलेले आहे. तेथे लाज आडवी येत नाही. शिवाय भरवणे, औषध देणे, भांडी घासणे, रात्री जागणे, अंथरूण धुणे यांत लाजेचा काय संबंध?

काय करता येईल?

मी विद्यार्थिनी आहे. मोठे उपाय सुचवण्याचा माझा अधिकार नाही. तरी मला सुचलेल्या चार गोष्टी नम्रपणे मांडते.

पहिली गोष्ट म्हणजे, आईवडिलांच्या सांभाळाची बैठक होईल तेव्हा त्या बैठकीत मुली, सुना आणि स्वतः आईवडील असावेत. ज्यांचे हात लागणार त्यांचे तोंड बंद ठेवून घेतलेला निर्णय टिकत नाही.

दुसरी गोष्ट, वाटणी पैशाची न होता चारही कामांची व्हावी. शहरातल्या भावाने पैसे पाठवावेत हे योग्यच. पण वर्षातून पंधरा दिवस रजा काढून आईचे अंथरूण-पांघरूण त्याने स्वतः पाहावे. त्या पंधरा दिवसांत त्याची वहिनी माहेरी आपल्या आईला भेटून येईल.

तिसरी गोष्ट, मुलीकडे राहण्यात कमीपणा नाही हे वृद्धांना पटवून देण्याचे काम नातवंडांनी करावे. आजीआजोबा आपले ऐकतात. निदान आपल्यावर रागावत तरी नाहीत.

चौथी गोष्ट आपल्या महाविद्यालयासाठी आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी एखाद्या खेड्यात भरते. रस्ते आणि बंधारे यांबरोबर एका वर्षी आपण त्या गावातील घरोघर जाऊन, म्हाताऱ्या माणसांचे कोणते काम कोण करते याची साधी पाहणी करावी. चार कामांचे चार रकाने पुरेत. प्राध्यापकांनी मार्गदर्शन केल्यास आम्हा विद्यार्थ्यांना पुस्तकातले समाजशास्त्र गावात उतरवून पाहता येईल. आणि चौथ्या रकान्यात कोणाची नावे येतात, हे गावालाही कळेल.

आमच्या वर्गात निम्म्याहून अधिक मुली आहेत. दोनतीन वर्षांत आमच्यापैकी पुष्कळजणी कोणाच्या तरी घरच्या सुना होतील. आमच्याबरोबरचे विद्यार्थी मित्र नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जातील. आपले आईवडील तेव्हा पन्नाशीच्या आसपास असतील, म्हणजे या विषयावर शांतपणे बोलायला आपल्या हाती अजून थोडी वर्षे आहेत. आजी आता काठी टेकून अंगणापर्यंत येते. एके दिवशी माझ्या भावाने तिला विचारले, "आजी, तुझी काठी कोण गं?" तिने हातातली काठी वर करून दाखवली आणि म्हणाली, "ही. बाभळीची हाय. कुणाची वाट बघत न्हाई." सगळे हसले. आई हसली नाही. ती पाणी तापवायला उठली, कारण आजीच्या अंघोळीची वेळ झाली होती. माझा भाऊ थोडा वेळ तसाच बसला, आणि मग उठून त्याने बादली उचलली.